महासंगणक, भूकंपलहरी आणि पृथ्वीच्या अंतरंगाचे चित्र

भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे: ‘भूकंपलहरींवरून पृथ्वीच्या अंतरंगाची त्रिमितीय मॉडेल्स गेली चाळीसहून अधिक वर्षे तयार होत आहेत. अलीकडे या कामासाठी जगातले सर्वांत मोठे महासंगणक वापरतात असे वाचनात आले. त्या यंत्रांमुळे नेमके काय सुधारले? आणि उद्या दहापट मोठे यंत्र मिळाले, तर चित्रही दहापट स्पष्ट होईल का?’

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते आकड्यांत देता येते. दहापट नाही, फार तर पावणेदोनपट, आणि तेही काही ठिकाणीच. लहरींचे गणित सोडवताना पृथ्वीचे लहान लहान ठोकळे पाडावे लागतात, आणि ठोकळ्याचा आकार लहरीच्या तरंगलांबीशी बांधलेला असतो. निम्म्या तरंगलांबीच्या लहरी अचूक हाताळायच्या तर लांबी, रुंदी आणि खोली या तिन्ही दिशांना ठोकळे दुप्पट करावे लागतात. शिवाय ठोकळा लहान झाला की गणितातले कालांतरही निम्म्यावर आणावे लागते, नाहीतर उत्तर फुटून भलतेच आकडे येऊ लागतात. म्हणजे दुप्पट बारकाव्याची किंमत सोळापट असते. दहाचे चौथे मूळ 1.78 आहे, आणि वरचे ‘पावणेदोन’ तिथून आले. आज जागतिक मॉडेलांत साधारण 17 सेकंद आवर्तकालाच्या लहरी वापरल्या जातात (आवर्तकाल म्हणजे एक आंदोलन पुरे व्हायला लागणारा वेळ; तो जितका कमी, तितकी तरंगलांबी आखूड). त्या एका सेकंदापर्यंत आणायच्या म्हटल्या तर संगणनाचा खर्च 17 चा चौथा घात, म्हणजे 83,521 पट वाढेल. भूकंपमापकावर मात्र एका सेकंदाच्या पी लहरी, म्हणजे भूकंपाच्या सर्वांत आधी पोचणाऱ्या लहरी, रोज नोंदवल्या जातात. आपल्याजवळ असलेल्या नोंदींचा केवढा मोठा भाग आपण अजून वापरूच शकत नाही, हे या एका आकड्यावरून लक्षात येईल.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळतो. रशियातील कोला द्वीपकल्पावर माणसाने खणलेले सर्वांत खोल छिद्र 12 किलोमीटरच्या थोडे पुढे जाऊन थांबले. पृथ्वीची त्रिज्या 6,371 किलोमीटर आहे. त्यामुळे फणस पिकला आहे का हे जसे टिचकी मारून आवाजावरून ओळखतात, तसेच आपल्याला करावे लागते, आणि टिचकी मारण्याचे काम भूकंप करतात. या शास्त्राची एक महत्त्वाची सुरुवात आपल्याच उपखंडात झाली. 12 जून 1897 रोजी आसाम परिसरात झालेल्या प्रचंड भूकंपाचा अभ्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या संस्थेतील रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी केला. युरोपातील उपकरणांवर उमटलेल्या त्या भूकंपाच्या नोंदींत त्यांना तीन वेगवेगळ्या लहरी ओळखता आल्या: आधी पोचणारी पी, मागाहून येणारी एस, आणि पृष्ठभागावरून येणारी तिसरी. 1906 मध्ये त्याच विचाराच्या आधारे त्यांनी पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावा मांडला. पुढे 1936 मध्ये इंगे लेमान यांनी अंतर्गाभा दाखवून दिला, आणि 1981 मध्ये अ‍ॅडम जिएव्हॉन्स्की व डॉन अँडरसन यांनी पृथ्वीचे एकमितीय प्रमाण मॉडेल प्रसिद्ध केले. त्यात लहरींचा वेग फक्त खोलीनुसार बदलतो: 2,891 किलोमीटरवर प्रावरण (भूकवच आणि गाभा यांच्यामधला खडकाचा थर) संपते, तिथे पी लहरींचा वेग सेकंदाला 13.7 किलोमीटरवरून एकदम 8 किलोमीटरच्या आसपास येतो, आणि बाह्यगाभा द्रवरूप असल्याने एस लहरी तिथेच थांबतात. हे मॉडेल इतके चांगले आहे की त्याच्या साहाय्याने केलेले पी लहरींच्या आगमनाचे भाकीत बहुतेक ठिकाणी एक-दोन सेकंदांपलीकडे चुकत नाही.

आम्हा भूकंपशास्त्रज्ञांचा सगळा व्यवसाय या उरलेल्या एक-दोन सेकंदांवर चालतो. लहर अपेक्षेपेक्षा उशिरा आली तर वाटेत कुठेतरी खडक अधिक तप्त किंवा वेगळ्या घटकांचा असावा, लवकर आली तर थंड आणि दृढ असावा, असा तर्क असतो. एका लहरीवरून ‘कुठेतरी’ एवढेच कळते. हजारो भूकंपांपासून हजारो नोंदणी-केंद्रांपर्यंतच्या वाटा एकमेकींना छेदू लागल्या की ती जागा निश्चित करता येते. रुग्णालयातल्या सीटी स्कॅनचे तत्त्वही हेच. 1970 च्या दशकात केइती आकी, जिएव्हॉन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम सुरू केले, तेव्हा एक सोय करून घेतली होती: लहर म्हणजे एक बारीक किरण, आणि तो किरण एकमितीय पृथ्वीत ठरलेल्या वाटेने जातो, असे धरले होते. अशा गृहीतकांमुळे प्रश्न साध्या रेषीय समीकरणांचा होतो, आणि त्या काळच्या संगणकांवर तो सुटतही असे.

अडचण अशी की लहर हा किरण नव्हे. 17 सेकंदांच्या एस लहरीची तरंगलांबी खालच्या प्रावरणात सुमारे 120 किलोमीटर असते. एखादा तप्त खडकाचा स्तंभ तेवढ्याच किंवा त्याहून कमी रुंदीचा असेल, तर लहर त्याला वळसा घालून पुढे जाते, आणि काही अंतर गेल्यावर तिला झालेला उशीर विवर्तनामुळे भरून निघतो. केंद्रावर पोचेपर्यंत पुरावा पुसट झालेला असतो. किरण-सिद्धान्ताला हे भरून निघणे दिसतच नाही, त्यामुळे उशीर कमी आढळला म्हणजे स्तंभ क्षीण आहे, असा चुकीचा निष्कर्ष निघतो. ज्या थंड खडकातून लहर अधिक वेगाने जाते, त्याच्या बाबतीत असा गोंधळ कमी होतो. प्रावरणात बुडणाऱ्या थंड भूपट्टांची चित्रे बरीच आधी आणि बऱ्यापैकी एकमताने मिळाली, पण वर येणाऱ्या तप्त स्तंभांबद्दल वाद दीर्घकाळ चालू राहिला; त्यामागे हे एक कारण निश्चित आहे, आणि दुसरे कारण, ज्याकडे पुढे येणार आहे, ते म्हणजे बहुतेक तप्त स्तंभ समुद्राखाली आहेत.

किरणाची सोय सोडून द्यायची, तर त्रिमितीय पृथ्वीत लहरींचे पूर्ण समीकरण सोडवावे लागते. त्यात भूकवचाची कमीअधिक जाडी, समुद्राचे पाणी, पृथ्वीचा चपटेपणा, परिवलन, गुरुत्व आणि ऊर्जेचे क्षीणन हे सारे घ्यावे लागते. हे व्यवहारात शक्य केले ते स्पेक्ट्रल-एलिमेंट पद्धतीने. दिमित्री कोमातिच यांनी पॅरिसमध्ये सुरू केलेले हे काम पुढे येरून ट्रॉम्प यांच्याबरोबर संपूर्ण पृथ्वीपर्यंत नेले. गोलाला घनाच्या सहा बाजूंसारखे सहा तुकडे करून त्यांची जाळी विणायची, प्रत्येक ठोकळ्यात 125 बिंदू ठेवायचे, आणि ते बिंदू अशा जागी निवडायचे की वस्तुमानाच्या सारणीत (मॅट्रिक्समध्ये) केवळ कर्णावरचे आकडे उरतात. हा शेवटचा भाग किरकोळ वाटेल, पण सगळी मेख तिथे आहे: त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर प्रचंड समीकरणसंच सोडवावा लागत नाही, साध्या भागाकारावर काम भागते, आणि काम हजारो प्रोसेसरांमध्ये वाटून देता येते. 2003 मध्ये योकोहामातील ‘अर्थ सिम्युलेटर’ या यंत्राच्या 1,944 प्रोसेसरांवर या गटाने पाच सेकंद आवर्तकालापर्यंतच्या जागतिक लहरी काढून दाखवल्या, आणि त्या कामाला त्या वर्षीचा गॉर्डन बेल पुरस्कार मिळाला.

तरीही हा निम्माच मार्ग होता. ‘पृथ्वी अशी असेल तर भूकंपलेख कसा दिसेल’ हे काढता आले; ‘भूकंपलेख असा दिसतो तर पृथ्वी कशी असेल’ हा उलटा प्रश्न शिल्लक होता. मॉडेलमध्ये कोट्यवधी अज्ञात संख्या असतात. त्यांतील एकेक थोडी बदलून पाहायची म्हटले तर प्रत्येक बदलासाठी अख्ख्या पृथ्वीचे गणित नव्याने करावे लागेल, आणि ते कोणत्याही यंत्राच्या आवाक्यातले नाही. यातून वाट काढली ती अ‍ॅडजॉइंट पद्धतीने. तेल-संशोधनाच्या संदर्भात आल्बर्ट टारांटोला यांनी तिचा पाया 1984 मध्ये घातला होता. नोंदवलेला आणि गणिताने काढलेला भूकंपलेख यांतला फरक घ्यायचा, काळाच्या उलट दिशेने फिरवायचा, आणि प्रत्येक केंद्र हा जणू एक भूकंप आहे असे समजून तो फरक तिथून पृथ्वीत परत सोडायचा. ही उलटी लहर आणि भूकंपाची मूळ लहर जिथे जिथे एकमेकींना भेटतात, तिथे तिथे मॉडेलमध्ये दुरुस्तीची गरज आहे, आणि ती किती व कोणत्या दिशेने, हे दोघींच्या गुणाकारातून मिळते. यातली गंमत अशी की केंद्रे दहा असोत वा पाच हजार, एका भूकंपासाठी खर्च साधारण तीन सिम्युलेशनांएवढाच राहतो: एक सुलटे, एक उलटे, आणि सुलट्या लहरीला उलट्या क्रमाने पुन्हा उभे करण्यासाठी आणखी एक. खर्च ठरतो तो भूकंपांच्या संख्येवर आणि फेऱ्यांच्या संख्येवर; मॉडेलची अशी एकदा दुरुस्ती म्हणजे एक फेरी.

अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या ‘टायटन’ या महासंगणकावर 2016 चे जागतिक मॉडेल तयार झाले ते याच मार्गाने. प्रिन्स्टनच्या गटातील एब्रू बोझदाग आणि सहकाऱ्यांनी 253 भूकंप आणि 15 फेऱ्या वापरल्या. 2020 मध्ये भूकंपांची संख्या 1,480 आणि एकूण फेऱ्या 25 झाल्या. 2024 च्या आवृत्तीत भूकंप 2,160 आणि फेऱ्या 35. सुरुवातीच्या मॉडेलसाठी भूकंप निवडताना परिमाण 5.8 ते 7 या मर्यादेत ठेवले होते. याहून लहान भूकंपाची लहर जगाच्या दुसऱ्या टोकाला समुद्राच्या खळबळीत बुडून जाते. याहून मोठ्या भूकंपात प्रस्तर फाटण्यालाच इतका वेळ लागतो की त्याला एका बिंदूतून निघालेली लहर मानता येत नाही.

फेऱ्या एकामागून एक का, सगळे एकदम का नाही, हे सहसा सांगितले जात नाही. कारण असे की गणिताची लहर आणि खरी लहर यांत अर्ध्या आवर्तकालाहून जास्त अंतर असेल, तर पद्धत एका लहरीचे शिखर दुसरीच्या पुढच्या किंवा मागच्या शिखराशी जुळवते आणि मॉडेल पूर्ण विश्वासाने चुकीच्या दिशेला जाते. म्हणून आधी लांब आवर्तकालाच्या लहरी घ्यायच्या, मॉडेल जवळ आणायचे, मग हळूहळू आखूड लहरींकडे वळायचे. भूकंपलेखाचे कोणते तुकडे तुलनेला घ्यावेत आणि कोणते सोडावेत, हे ठरवणारे प्रोग्रॅम आता आहेत, पण त्यांच्या अटी माणसानेच ठरवलेल्या असतात. माझ्या मते चांगल्या आणि वाईट मॉडेलमधला फरक यंत्रापेक्षा या निवडीत जास्त असतो.

यंत्राच्या बाजूने ज्या अडचणी येतात त्या गणनेच्या वेगाच्या क्वचितच असतात. क्षीणनाचे उदाहरण घ्या. सुलटी लहर उलट क्रमाने पुन्हा उभी करायची असते, पण खऱ्या खडकात लहरीची ऊर्जा विरत जाते. काळ उलटा फिरवला की विरणे वाढण्यात बदलते आणि गणित स्फोट पावते. प्रत्येक क्षणाची पूर्ण अवस्था साठवून ठेवावी, तर त्यासाठी कोणतीही डिस्क पुरणार नाही. अखेर मधूनमधून टप्प्यांवर अवस्था साठवायची आणि प्रत्येक तुकडा तिथून पुढे पुन्हा चालवून घ्यायचा, असा मधला मार्ग निघाला. दुसरी अडचण फायलींची. परंपरेने प्रत्येक केंद्राच्या प्रत्येक घटकाची (उभ्या, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम हालचालीची) एक वेगळी छोटी फाइल असे. हजारो केंद्रे, तीन घटक, शेकडो भूकंप, आणि नोंदवलेले व गणिताचे असे दोन संच मिळून लक्षावधी इवल्या फायली होतात, आणि हजारो प्रोसेसर त्या एकाच वेळी उघडू लागले की साठवण यंत्रणा गुडघे टेकते. त्यावर उपाय म्हणून एका भूकंपाच्या साऱ्या नोंदी, केंद्रांची आणि प्रक्रियेची माहिती एकाच फाइलमध्ये ठेवण्याचे नवे स्वरूप 2016 च्या सुमारास तयार झाले. ऐकायला हे कारकुनी काम वाटते. ते नसते तर 253 वरून 1,480 पर्यंतची उडी कुणालाच मारता आली नसती.

मग सुधारले काय? पॅसिफिकभोवती बुडणारे भूपट्ट आता एकसंध आणि कडा स्पष्ट असलेले दिसतात. तप्त स्तंभांच्या बाबतीत पहिले ठोस चित्र प्रिन्स्टनच्या आधी बर्कलीतून आले होते: स्कॉट फ्रेंच आणि बार्बरा रोमानोविच यांनी 2015 मध्ये लहरींचे भाकीत पूर्ण गणिताने आणि दुरुस्तीची दिशा सोप्या पद्धतीने, अशी सरमिसळ करून गाभ्याच्या सीमेपासून वर येणारे, शेकडो किलोमीटर रुंद स्तंभ अनेक तप्तबिंदूंखाली (भूपृष्ठावरच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या ज्वालामुखींच्या जागांखाली) दाखवले. आफ्रिका आणि पॅसिफिक यांच्या तळाशी असलेले, एस लहरींना मंदावणारे दोन महाकाय प्रदेश जुन्या मॉडेलांतही होते. त्यांचे मोठे आकार बदललेले नाहीत. वेगवेगळ्या गटांची मॉडेल्स शेजारी ठेवली तर हजारो किलोमीटरच्या मापाच्या रचनांवर एकमत आहे आणि काहीशे किलोमीटरच्या मापावर मतभेद आहेत. दोन मॉडेलांत तीच गोष्ट दिसत नसेल, तर ती पृथ्वीपेक्षा पद्धतीबद्दल सांगत असण्याची शक्यता अधिक.

एक जुना अनुभव सांगतो. एका बेटावरच्या एकाकी केंद्राखाली आमच्या मॉडेलमध्ये फेरीगणिक एक विचित्र दिशासापेक्ष रचना (जिच्यात लहरीचा वेग दिशेनुसार बदलतो) वाढत होती. भूगर्भशास्त्रीय अर्थ लावण्याचा मोह झाला, आणि एका बैठकीत तो लावलाही गेला. नंतर लक्षात आले की त्या केंद्रावर उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम घटकांच्या तारा काही वर्षे अदलाबदल झालेल्या होत्या. यंत्राने आपले काम चोख केले होते. चुकीच्या नोंदीशी जुळणारी पृथ्वी त्याने शोधून दिली होती. त्या भागात शेजारी दुसरे केंद्र असते तर विसंगती लगेच उघड झाली असती.

यंत्र कितीही मोठे केले तरी जी उणीव भरून निघत नाही ती इथे आहे. भूकंप मुख्यतः भूपट्टांच्या सीमांवर होतात, केंद्रे मुख्यतः जमिनीवर असतात, आणि पृष्ठभागाचा सत्तर टक्के भाग समुद्र आहे. दक्षिण गोलार्धात प्रावरणाचे मोठे भाग असे आहेत की तिथून पुरेशा लहरी जातच नाहीत. शिवाय भूकंपाचे स्थानही आपल्याला लहरींवरूनच काढावे लागते. त्यात दहा किलोमीटरची चूक राहिली तर दूरच्या केंद्रावर पी लहरीच्या वेळेत अर्ध्या ते पाऊण सेकंदाचा फरक पडतो, म्हणजे आपण ज्याचा अर्थ लावतो आहोत त्या उशिराचा मोठा हिस्सा. म्हणून मॉडेल सुधारले की भूकंपांची स्थाने पुन्हा काढणे, आणि मग मॉडेल पुन्हा सुधारणे, हा क्रम टाळता येत नाही.

महाराष्ट्रातील वाचकांना जवळचे वाटेल असे उदाहरण रीयुनियनचे आहे. दख्खनचे बेसॉल्टचे थर सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त स्तंभामुळे ओतले गेले असे मानले जाते, तो आज हिंदी महासागरातील रीयुनियन बेटाखाली आहे. सह्याद्रीचे काळे कडे जिथून आले, ते मूळ खाली कुठवर जाते, हा प्रश्न जागतिक मॉडेलांतून धड सुटत नव्हता. 2012-13 मध्ये फ्रेंच आणि जर्मन शास्त्रज्ञांनी बेटाच्या आजूबाजूला समुद्रतळावर 57 भूकंपमापक वर्षभर ठेवले. त्या नोंदींवरून 2021 मध्ये जे चित्र प्रसिद्ध झाले त्यात सरळ उभा स्तंभ नाही. आफ्रिकेखालच्या त्या महाकाय मंदगती प्रदेशातून झाडासारख्या फांद्या तिरप्या वर येताना दिसतात. हे काम पूर्ण तरंगरूपाच्या पद्धतीने झालेले नाही. पी लहरींच्या वेळा वेगवेगळ्या वारंवारतांवर मोजणारी, तुलनेने हलकी पद्धत त्यासाठी वापरली गेली. नवी माहिती समुद्रतळावरच्या उपकरणांनी आणली होती.

श्रीलंकेच्या दक्षिणेला गुरुत्व इतके कमी आहे की तिथली समुद्राची सरासरी पातळी पृथ्वीच्या आदर्श आकारापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली आहे. त्याचे कारण प्रावरणात शोधण्यासाठी गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राने 2018 मध्ये तिथे समुद्रतळावर भूकंपमापक उतरवले, आणि 2023 मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी प्रावरणाच्या प्रवाहांचे संगणकीय प्रयोग करून, आफ्रिकेखालच्या तप्त द्रव्याचा आणि जुन्या टेथिस समुद्राच्या बुडालेल्या तळाचा संबंध त्याच्याशी जोडला. अशा प्रयोगांची शेवटची कसोटी भूकंपलहरींचे चित्रच असते, आणि हिंदी महासागराखाली ते अजून विरळ आहे.

आता दहापट मोठ्या यंत्राकडे परत येतो. ते माझ्या हाती आले तर आवर्तकाल कमी करण्यावर त्याचा अल्प भागच मी खर्च करीन. पहिला वाटा अनिश्चितता मोजण्याला देईन: मॉडेलमध्ये एका ठिकाणी मुद्दाम लहानसा बदल करून तो चित्रात किती पसरतो आणि कोणत्या दिशेला ओघळतो, हे आज काही निवडक ठिकाणीच तपासले जाते, ते सर्वत्र व्हायला हवे. दुसरा वाटा सतत वाढणाऱ्या नोंदी सामावून घेण्याला. त्यासाठी दरवेळी सगळे भूकंप वापरावे लागतात असेही नाही. झुरिकच्या ईटीएच संस्थेतील गटाने प्रत्येक फेरीत भूकंपांचा एक छोटा, बदलता गट घेऊन 2024 मध्ये पूर्ण जागतिक मॉडेल तयार केले. प्रिन्स्टनकडून आलेली दुसरी सूचना अशी आहे की प्रत्येक भूकंपाला स्वतःची वारंवारता देऊन सगळे एकाच सिम्युलेशनमध्ये सोडावेत आणि नंतर वेगळे काढावेत. म्हणजे खर्च भूकंपांच्या संख्येपासून सुटतो. तिसरा वाटा क्षीणनाला, कारण वेगावरून तापमान आणि खडकाचे घटक यांची उकल होत नाही, आणि तापमानाला क्षीणन जास्त संवेदनशील आहे. जागतिक मॉडेलांत लहरींच्या उंचीची माहिती अजून बव्हंशी वाया जाते. आणि यंत्राच्या खरेदीतला पैसा वळवण्याची मुभा मिळाली, तर त्यातला काही भाग दक्षिण हिंदी महासागराच्या तळावर किमान दोन वर्षे ठेवायच्या भूकंपमापकांसाठी, आणि ते उतरवणाऱ्या व परत उचलणाऱ्या जहाजाच्या भाड्यासाठी मागून घेईन.